दक्षिण बाजूच्या फरशा

लातुरात त्या काळात ज्याला दुसरं काही जमत नव्हतं तो क्लास काढत होता, आणि ज्याला क्लासही जमत नव्हता तो क्लासवाल्यांचे फ्लेक्स छापत होता. मी या दुसऱ्या जातीचा. नांदेडला माझं फ्लेक्सचं दुकान बरं चाललं होतं. पण पुढाऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस छापून छापून मला वीट आला होता. लातुरात गुणवंतांचे चेहरे छापायला मिळतील, म्हणजे जरा सुसंस्कृत धंदा होईल, असं मला वाटलं. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला सुमार नाही.

हे स्वप्न मला ज्यांनी दाखवलं ते फिजिक्सचे सर होते. त्यांच्या क्लासला शेडमध्ये पोरं मावत नव्हती. ते म्हणाले, नांदेड बंद करून इकडं या, माझं वर्षभराचं काम तुमचं. अट एकच. बारावीच्या निकालाआधी एक नमुना छापून दाखवायचा, आणि निकालाच्या दिवशी समोरच्या क्लासच्या आधी त्यांचे फ्लेक्स चौकाचौकात लागले पाहिजेत. मी नांदेडच्या दुकानाला कुलूप लावलं, जागा सोडून दिली. आता लातूर जमलं नाही तर परत जायला ठिकाण नव्हतं.

नांदेडला मशीन चालवणारा माणूस मी तिथंच सोडला. चाळिशीचा, सातवी शिकलेला, औशाकडच्या एका खेड्यातला. भूकंपात त्याचं घर बसलं होतं. नंतर पुनर्वसनाची घरं बांधायला तो गवंड्यांच्या हाताखाली राबला, आणि पुढं नांदेडला येऊन माझ्याकडं लागला. मी त्याला ‘गिलाव्यावाला’ म्हणायचो, आणि तेही तोंडावर. लातूरच्या काचेच्या दुकानात असला माणूस मला शोभणार नव्हता. मशीन टेम्पोत चढवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मालक, तिथं गेल्यावर आधी पाणसळ लावा अन् मंग शाई भरा.” मी हसलो. मशीन काय भिंत आहे, असं काहीतरी बोललोही.

दुकानाच्या पूजेला सर आले. नारळ फुटला, मशीनला हळदकुंकू लागलं, आणि मग सरांनी खिशातून होकायंत्र काढलं. आधी वाटलं काही शास्त्रीय काम असेल. ते म्हणाले, दक्षिण बाजू उंच पाहिजे, नाहीतर लक्ष्मी टिकत नाही. मशीनचं तोंड रस्त्याकडं, म्हणजे दक्षिणेलाच होतं. सरांनी स्वतः उभं राहून पुढच्या दोन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घालायला लावले, चांगली दोन इंच उंची. हजारो पोरांना द्रवाचा दाब शिकवणारा हा माणूस. आणि मी बी.एस्सी., माझ्या डोक्यातही काही आलं नाही. आलं असतं तरी मी बोललो नसतो.

दुसऱ्या दिवशी नमुना लावला. सरांच्या गेल्या वर्षीच्या पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो. वरचे दोन फूट झकास निघाले. मग लाल रंग फिका पडत गेला, आणि हनुवटीपर्यंत येता येता मुलगी हिरवी झाली. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “ही पास झाली का ॲडमिट झाली?” सोबत आलेले त्यांचे दोन मास्तर हसले. ते पगारावर हसणारे लोक होते.

मी लाल शाई फवारणारं हेड धुतलं. पुन्हा वरचे दोन फूट झकास, मग काविळीसारखा चेहरा. फिल्टर बदलले. शाईच्या नळ्या बघितल्या तर त्यात हवेचे बुडबुडे. प्रवासात आले असतील म्हणून सिरिंजनं ओढून काढले. तासाभरात पुन्हा हजर. ज्यांनी मशीन विकलं होतं त्यांच्या इंजिनिअरला फोन लावला. मशीन न बघता, शाई न विचारता तो म्हणाला, हेड गेलं, नवीन घ्या. त्याला बहुधा झोपेतही हेच सांगता येत असेल. तीन दिवस असे गेले. निकाल चार दिवसांवर आला, आणि समोरच्या क्लासवाल्याचे मंडप उभे राहिले.

शेवटी मी गिलाव्यावाल्याला फोन केला. नाक मुठीत धरून केला, हे लपवत नाही.

तो सकाळच्या एस.टी.नं आला. हातात पिशवी, पिशवीत गवंड्यांची पाणसळ, म्हणजे पारदर्शक नळीचं वेटोळं. नळाखाली धरून त्यानं नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि मशीनच्या मागच्या बाजूला उभं केलं. दुसरं टोक घेऊन तो पुढं गेला. पाणी दोन्हीकडं एका पातळीत उभं राहिलं; मशीन काही त्या पातळीत नव्हतं. तो वाकला आणि फरशांकडं बघत राहिला.

“हे कुणी बसवलं?”

“सरांनी. वास्तूसाठी.”

तो हसला नाही, हीच गोष्ट मला जास्त लागली. त्यानं कव्हर काढून दाखवलं. “ह्या लहान टाक्या हेडच्या मागं हायत. पुढची बाजू उचलली की टाक्या खाली जात्यात. शाई खाली अन् हेड वर. मंग हेड शाई सोडून हवा ओढाया लागलं. लाल टाकी आधीच बोटभर खाली बसवलेली हाय, म्हणून लाल आधी मेला.”

आम्ही जॅक लावून फरशा काढल्या. त्यानं पुन्हा नळी धरली, मशीनचे पाय फिरवून फिरवून चारी बाजू जुळवल्या, हवा काढली, शाई भरली. काम करता करता म्हणाला, “आमचं घर पडलं तवा समदे म्हणले, देवाचा कोप झाला. मी म्हणलं, नुसत्या मातीत गोटे रचले व्हते, त्याचं काय? कुणी ऐकलं न्हाई.”

नमुना लावला. मुलीचे गाल, ओठ, हनुवटी, पार खालचा फोन नंबरही लाल निघाला. मला रडू येईल की काय असं झालं.

तेवढ्यात सर आले. फ्लेक्सवरून हात फिरवला, दोन्ही मास्तरांकडं बघितलं आणि म्हणाले, “बघा. वास्तूला लागतात चार दिवस, पण गुण येतो.” मग मशीनच्या पायांकडं नजर गेली. “फरशा कुठायत?”

गिलाव्यावाला तिथंच उभा होता, चिंधीनं हात पुसत. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“आतल्या बाजूनं घेतल्या, सर,” मी म्हणालो. “बाहेरून बऱ्या दिसत नव्हत्या.”

“छान,” सर म्हणाले. “काम तुमचं.”

ते गेल्यावर मी त्याला लातुरातच राहा म्हणालो. आर्जवानं म्हणालो, ‘गिलाव्यावाला’ हा शब्द गिळून. त्यानं नळीतलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं, वेटोळं पिशवीत ठेवलं.

“न्हाई मालक. सरांचं सोडा, तुम्हाला तर कळलं व्हतं.”

निकालाच्या दिवशी सरांचे फ्लेक्स सगळ्यात आधी लागले. पुढं कितीतरी वर्षं मी सरांवर मनातल्या मनात थुंकत आलो, आणि त्यांच्यासमोर ‘हो सर’ म्हणत आलो. त्या फरशा अजून दुकानाच्या मागं पडल्या आहेत. सर यायचे असले की मी त्या मशीनखाली सरकवून ठेवतो, मशीनच्या पायांना लागणार नाहीत अशा.