येतो म्हणून गेलेले भाऊजी

देवळीच्या बसस्टँडपलीकडचं सगळं जग आपल्याच नात्यात आहे, असं सहलवाल्या भाऊजींइतकं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुमच्या आजोबांचे ते शाळेपासूनचे मित्र, म्हणून माझे भाऊजी. देवळीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. नव्वद सालानंतर कधीतरी ते दुकान मुलाच्या गळ्यात घालून ते लोकांना सहलीला नेऊ लागले. आधी काशी, मग काठमांडू आणि मग एकदम सिंगापूर, मलेशिया, थायलंड. हे तीन देश एकमेकांना कसे लागून आहेत हे समजावण्यासाठी त्यांना नकाशा लागत नसे. "तिघी जावा समजा," ते म्हणत. "सिंगापूर थोरली, कडक. तिच्या घरी चप्पल बी इकडची तिकडं चालत नाई. मलेशिया मधली, सगळ्याइचं करणारी. अन् थायलंड धाकटी, नुसती हसून राह्यते. चुली वेगळ्या, पण अंगण एक." कोणी म्हणालं, आम्हाला फक्त सिंगापूर पाहायचं आहे, तर ते दुखावून विचारत, "अन् बाकीच्या दोघी रुसतीन, त्याचं काय?"

माणसं हरवू नयेत म्हणून ते दुकानात उरलेल्या कापडाच्या पट्ट्या सगळ्यांच्या मनगटाला बांधत. ज्या वर्षी जे कापड खपलं नसेल, त्या वर्षी तो रंग. आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते वर्ष पोपटी होतं. बँकॉकच्या एका देवळात कुठल्याशा परदेशी कुटुंबाला वाटलं, की हा इथला प्रसादाचा दोरा असावा. त्यांनी हात पुढे केले. नाही म्हणणं भाऊजींच्या स्वभावात नव्हतं, त्यांनी आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना पट्ट्या बांधल्या. नंतर बसमध्ये मोजणी केली तर माणसं कमी होण्याऐवजी वाढलेली. जेवणाची वेळ होती, म्हणून भाऊजींनी त्यांनाही झुणका-भाकर वाढली आणि मगच त्यांच्या हॉटेलवर सोडलं. सकाळी निघायची वेळ ते "उजाडल्यावर" अशी सांगत. माझ्यासारख्या घड्याळ लावून जगणाऱ्या बाईला त्याचा फार त्रास होई, पण बस कधी चुकली नाही हेही खरं.

मलेशियात पेनांगला एका गल्लीत एक लहानसं हॉटेल होतं. मालकीण चिनी, वयानं भाऊजींहून मोठी, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ती आपल्या लोकांना तिच्या स्वयंपाकघरात वरण शिजवू देई, म्हणून भाऊजींचा मुक्काम दर वर्षी तिथेच. दोघांचं इंग्रजी सारखंच तोकडं होतं, त्यामुळे एकमेकांचं त्यांना उत्तम समजे. एकच घोटाळा झाला. आम्ही निघालो त्या सकाळी भाऊजींनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, आय ॲम कमिंग!"

बसमध्ये मी म्हटलं, "भाऊजी, गोइंग म्हणायचं. ती बिचारी वाट पाहत बसेल."

"वहिनी, तुम्ही इंग्रजी शिकल्या म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "घरातून निघताना 'जातो' म्हणते काय माणूस? अभद्र!"

पुढच्या वर्षी ते गेले तेव्हा बाई दारातच भांडली. आदल्या वर्षी आम्ही निघालो त्या दिवशी, हे परत येणार म्हणून तिनं सगळ्यांसाठी भात करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला होता. भाऊजींनी तिला आपल्याकडची रीत खाणाखुणांनी समजावली, पण 'गोइंग' काही ते म्हणाले नाहीत. तेव्हापासून ती त्यांना 'मिस्टर कमिंग' म्हणू लागली.

दोन हजार तीन साली त्या भागात सार्सची साथ आली. तुमच्यापैकी थोरल्याला आठवत असेल, तुमचे बाबा तेव्हा फोनवर मला मास्क म्हणजे काय ते सांगत होते. भाऊजींची उन्हाळ्याची सहल रद्द झाली. पावसाळ्यात साथ संपल्याचं वर्तमानपत्रात आलं, पण माणसं काही जायला तयार नव्हती. आणि एक दिवस देवळीच्या दुकानात पेनांगहून फोन आला. बाईच्या हॉटेलात सगळ्या साथीत कोणी शिंकलंसुद्धा नव्हतं, पण शेजारच्या देशात आजार म्हटल्यावर तिच्याकडेही कोणी फिरकलं नव्हतं. वर्ष संपेपर्यंत खोल्या रिकाम्याच राहिल्या, तर पुतण्या हॉटेल बंद करून तिथे मोबाइलचं गोडाऊन करणार होता आणि तिला त्याच्या घरी एका खोलीत राहावं लागणार होतं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मिस्टर कमिंग, नो कमिंग?"

हा प्रश्न भाऊजींच्या जिव्हारी लागला. त्यांनी कपाळाला गंध लावलं, वाटीत अक्षता घेतल्या आणि लग्नाचं आमंत्रण करावं तसे घरोघर फिरू लागले. सेलूचे एक सोयाबीनचे व्यापारी म्हणाले, "भाऊ, फुकट नेलं तरी नाई येत. तिकडं लोकं तोंड बांधून राह्यले."

"तोंड तर तू बी बांधतो, थ्रेशर चालू झालं की," भाऊजी म्हणाले. "मंग मी तुह्या घरी यायचा थांबलो काय?"

बोरगावला आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी बोलण्याआधीच माझ्या हातावर अक्षता ठेवल्या.

"भाऊजी, लग्न कोणाचं आहे?"

"लग्न नाई वहिनी. पाहाले जायचं आहे. माणूस आजारातून उठला, की जातो का नाई आपण? ताप होता तेव्हा नाई गेलो, ते बराबर. पण आता उठून बसल्या तिघी. आता बी नाई गेलो तर काय म्हणतीन?"

"पण तुमच्या बाईंना तर काही झालंच नव्हतं."

"तेच तर सांगून राह्यलो! ताप थोरलीच्या घरी, अन् पाहुणा मधलीचा बंद झाला. अन् मी तिले 'येतो' म्हणून बसलो आहे."

मी आधी आपल्या डॉक्टरांना विचारलं, आजोबांची छाती तपासून घेतली आणि मगच अक्षता देवापुढे ठेवल्या. दिवाळीनंतर आम्ही निघालो. दर वर्षी मोठी बस भरे, या वेळी जेमतेम एक लहान गाडी भरली. पट्ट्या जांभळ्या होत्या.

सिंगापूरच्या विमानतळावर अंगातला ताप ओळखणारा कॅमेरा लावला होता. भाऊजींनी टोपी काढली आणि त्याला वाकून नमस्कार केला. मागच्यांना वाटलं, इथला नियमच असेल. मग आमच्या रांगेतल्या प्रत्येकानं नमस्कार केला, आमच्यामागच्या दोन अनोळखी माणसांनीही. आजाऱ्याला पाहायला मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून भाऊजींनी संत्र्यांची पेटी आणली होती. मलेशियाच्या सीमेवर ती अडवली. फळं आत नेता येणार नाहीत, म्हणाले. टाकून देणं भाऊजींना मान्य नव्हतं. आम्ही सगळे सीमेवर उभं राहून संत्री खात सुटलो, अडवणाऱ्या अधिकाऱ्यालाही दोन खावी लागली.

पेनांगला पोचलो तेव्हा हॉटेलचं दार उघडं होतं, पण आत टेबलांवर खुर्च्या उलट्या रचलेल्या होत्या. पुतण्या टेप घेऊन भिंतीची लांबी मोजत होता. बाई कोपऱ्यात, उरलेल्या एकाच सुलट खुर्चीवर बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, जांभळ्या मनगटांकडे पाहिलं.

"मिस्टर कमिंग," ती म्हणाली, "लेट."

"बाई," भाऊजींनी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला आणि चक्क वऱ्हाडीत सांगितलं, "संत्री बी आणली होती, पण तुमच्या सरकारनं ती आमच्याच पोटात घातली."

तिला काय कळलं कोण जाणे. ती उठली आणि टेबलावरची एक खुर्ची खाली घेतली. मग दुसरी आजोबांनी घेतली, तिसरी मी, आणि बघता बघता सगळ्या खुर्च्या पायांवर उभ्या राहिल्या. पुतण्यानं थोडा वेळ पाहिलं आणि टेप गुंडाळून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून जाणारं एक जोडपं, आत गर्दी दिसली म्हणून, खोली आहे का विचारत आलं. भाऊजींनी त्यांनाही पट्टी बांधली.

ते गोडाऊन झालं नाही. त्यानंतर चार-पाच वर्षं देवळीची बस पुन्हा भरून गेली. पुढे लोक संगणकावर आपापली तिकिटं काढू लागले, भाऊजींचे गुडघेही कुरकुरू लागले. बाईचा फोन मात्र दर दिवाळीला दुकानात यायचा.

गेल्या पोळ्याच्या सुमारास भाऊजी गेले. हे वाक्य लिहितानाही त्यांचा आवाज ऐकू येतो, "गेले काऊन म्हणता, वहिनी?" दिवाळी जवळ आली तसा त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काकू, तिचा फोन येईन. मले इंग्रजी जमत नाई. तुम्हीच सांगा तिले." मी देवळीला दुकानात जाऊन बसले. काय सांगायचं ते मनात नीट जुळवलं होतं, तीन स्वच्छ वाक्यं, व्याकरणात चूक नाही, शोक आवश्यक तेवढा.

फोन वाजला. आवाज फार थकला होता. माझी ओळख सांगून झाली, तिला मी आठवले. मग तिनं नेहमीसारखं विचारलं, "मिस्टर कमिंग?"

समोर कापडाची ठाणं रचलेली होती. सगळ्यांत वर, न खपलेलं, पोपटी.

"कमिंग," मी म्हटलं.

"गुड," ती म्हणाली. "आय कीप राइस."