आढी, व्याही आणि माझे ओठ

आमच्या घरात आंब्यांच्या आढीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. पेंढ्यात घातलेला हापूस पिकला की नाही, हे देठाजवळ अंगठा टेकवून अचूक सांगणारा अख्ख्या रत्नागिरीत मीच एक! (हे माझं मत. बायकोचं वेगळं आहे, पण तिला विचारतंय कोण?)

तर यंदा सुनेचे वडील, म्हणजे आमचे व्याही, कोल्हापूरहून पहिल्यांदाच आंबे खायला येणार होते. त्यांच्यासाठी ओल्या काजूंची उसळ करायची, म्हणून काजू आधीच सोलून ठेवायला मी बसलो. ओला काजू सोलायचा तर हाताला आधी खोबरेल फासायचं. सालीतला चीक कातडी जाळतो. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"अहो, तेल लावा!" बायको ओरडली.

"कोकणी माणसाच्या हाताला तेल? काजूने मला घाबरावं!"

काजू घाबरला नाही. दोन दिवस बोटांची नुसती आग आग! मग आग थांबली, पण बोटांची टोकं काळी, टणक, पुठ्ठ्यासारखी झाली. चहाचा कप गरम की गार, कळेना. आढीत हात घातला, तर हाताला लागतोय तो आंबा की नारळ, तेही कळेना! आणि व्याही उद्यावर आलेले.

"यंदा आढी मी बघते," बायको म्हणाली.

"मी जिवंत असताना?"

"तुम्ही आहात हो. बोटं कुठायत?"

व्याह्यांच्या ताटात आंबट आंबा पडला तर रत्नागिरीची अब्रू जाणार, आणि आढी हातची गेली तर माझी! सून रेवा फिजिओथेरपिस्ट. तिने बोटं उलटसुलट करून पाहिली.

"बाबा, वरची कातडी मेलीय. नवी येईपर्यंत स्पर्श नीट कळायचा नाही. स्पर्श ओळखणाऱ्या नसा बोटांच्या टोकांना आणि ओठांवर सगळ्यात दाट असतात, म्हणून तर..."

"ओठांवर?"

"हो. का?"

"काही नाही. सहज!"

दुसऱ्या दिवशी व्याही येऊन पडवीत चहाला बसले आणि मी मागच्या खोलीत आढीपुढे गुडघे टेकले. आंबा उचलायचा, डोळे मिटायचे, देठाजवळ ओठ टेकवायचे. मऊ लागला, टोपलीत. कडक लागला, परत पेंढ्यात. काय सांगू, जमत होतं हो! टोपली भरत आली आणि मागून आवाज आला, "पाव्हणं!"

दारात व्याही. हात धुवायला आले होते.

"आंबा... बघतोय," मी म्हणालो.

"बघा, बघा. सावकाश बघा," म्हणत ते पाठमोरे झाले.

जेवताना त्यांनी उसळ तीनदा मागून घेतली. आंब्याच्या फोडी आल्या मात्र, "नको नको, मला शुगर हाय."

"आप्पा, तुम्हाला कधीपासून शुगर?" रेवाने विचारलं.

"आत्ताच झाली."

एव्हाना देठांवरच्या चिकाने माझे ओठ भज्यांसारखे फुगले होते. बायकोने आधी ओठांकडे पाहिलं, मग फोडींकडे, मग व्याह्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे.

"अगं बाई! तुम्ही आंब्यांचे पापे घेतलेत?"

"तपासले!" मी गरजलो. (त्या ओठांनी जेवढं गरजता येतं तेवढं.) "दात लावलेला नाही, म्हणजे उष्टं नाही! शास्त्राला धरून आहे, विचारा सुनेला!"

सून भातात काहीतरी शोधत होती. बायकोने फोडींसकट अख्खी टोपली माझ्यापुढे आदळली. "उष्टे ते तुम्ही संपवा!" आणि व्याही उठले, थेट आढीपाशी गेले आणि स्वतःचा अंगठा टेकवून चार आंबे घेऊन आले. आमच्या आढीला कोल्हापूरचा अंगठा! कापले तर बाठ्यापर्यंत केशरी.

"लई ग्वाड हाय बघा!" शुगरवाला माणूस बाठा चोखत म्हणाला.

"माझे याहून गोड आहेत!" मी सगळ्यांदेखत टोपलीतली फोड तोंडात घातली. अशी आंबट की दात शिवशिवले! दुसऱ्या आंब्याची घेतली. ती पहिलीची थोरली बहीण! सुजलेल्या ओठांवर तो आंबट रस झोंबला आणि मला कोल्हापूर दिसलं.

"काय पाव्हणं, डोळ्यांत पानी?"

"आनंदाचं," मी म्हणालो आणि तिसरी फोड उचलली. माघार कोण घेतो! पद्धत बिनचूकच आहे हो, ओठ तेवढे नवशिके निघाले.