बापाची घागर

जुन्नरात तय्यबला संगीतकार कुणी म्हणत नसे, ‘ठोक्या’ म्हणत. बाप तांब्याची भांडी घडवायचा आणि भांड्यावर घालायचा तेवढेच घाव पोराच्या पाठीवरही घालायचा. एवढा मार खाऊन पोरगा निघाला काय, तर रागदारीच्या बंदिशी रचणारा! वर तत्त्वज्ञानही सांगे, “घाव म्हंजे सूर न्हाई. घाव सोसून भांडं जे बोलतं, त्यो सूर.” लोक हसत. हसोत बापडे.

बाप गेल्यावर त्याने घडवलेल्या शेवटच्या घागरीचा सूर तय्यबने आपला षड्ज मानला. तिने पुष्कळ सोसलंय, आता तिला हातोडी लावायची नाही, अशी शपथ घेतली. त्याच सुरावर नऊ वर्षं एक बंदिश रचली. ती गाणारी त्याची एकुलती एक शिष्या, पारगावची आरती. तय्यबला बावन्नावं वर्ष लागलं तेव्हा कुठे पुण्याच्या एका संगीतसभेचं पहिलं बोलावणं आलं.

आरतीच्या अंगणात, उसाच्या कडेला तालीम चालली होती. तोच उसातून बिबट्याने झेप घेऊन आरतीची मान धरली. तय्यबने सुरासाठी समोर ठेवलेली घागर उचलून त्याच्या टाळक्यात घातली. एकदा, दोनदा, तीनदा. पंजाने त्याचा गाल फाटला, रक्ताने हात निसटू लागले, तरी तो हाणतच राहिला. शेवटी बिबट्या आरतीला टाकून उसात पळाला.

आरती जगली. सभेने तारीख पुढे ढकलली. बापाचं काम पक्कं, घागरीला साधा पोचाही आला नव्हता. पण आरतीचा आवाज पार खाली गेला होता, खरखरीत झाला होता.

“चाचा, दुसरी गाणारी बघा,” ती म्हणाली. “त्या घागरीचा सूर मला आता लागायचा नाय.”

तय्यबने खुंटीवरची बापाची हातोडी काढली.

“चाचा, शपथ व्हती ना तुमची!”

“व्हती. तू सूर धर.”

पहिला घाव घातला आणि त्याची स्वतःचीच पाठ आखडली. पत्रा पातळ होईल तसा सूर उतरतो, हे बापानेच शिकवलेलं. तो ठोकायचा, ऐकायचा, पुन्हा ठोकायचा. गालाचे टाके उसवले. आरती रडत रडत सूर धरून होती. दुपार कलली तेव्हा घागर तिच्या फाटक्या गळ्याशी जुळली. बापाच्या माराला कधी न रडलेला तय्यब हातोडी टाकून ढसाढसा रडला.