ताईच्या गावाचा बॅकअप

हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलला कंपनी जे कुलूप घालते, ते उघडणं हा माझा वीस वर्षांचा छंद. आता पन्नाशी उलटली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी गच्चीवरच्या टाकीबद्दल पोटतिडकीने बोलतो. पण रे रोडच्या भंगारवाल्याकडून आणलेला एखादा जुना कन्सोल टेबलावर ठेवला की मी बाह्या सरसावतो आणि बायको म्हणते, “झाला प्रयोग सुरू. प्रेक्षक कुठायत?”

प्रेक्षक नसले तरी माझं काही अडत नाही. यंत्राच्या पोटात कंपनीचं फर्मवेअर असतं, म्हणजे ते चालवणारा मूळ प्रोग्राम. त्यात कुठेतरी एखादी फट राहिलेली असते. ती शोधायची, तिथून आपला छोटा प्रोग्राम आत सरकवायचा, की यंत्र कंपनीचं ऐकायचं सोडून आपलं ऐकायला लागतं. हे मी स्वतःलाच अभिनयासकट समजावून सांगतो.

माझी ताई लालबागला एकटी राहते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिच्याकडे एक कन्सोल होता, मिटता येणारा, दोन पडद्यांचा, आणि त्यात एकच खेळ. गाव वसवायचं, झाडं लावायची, मासे धरायचे, शेजाऱ्यांना पत्रं पाठवायची. ताईने तीन वर्षं ते गाव वाढवलं. गावाला नाव दिलं मालवणकडच्या आमच्या वाडीचं. पेरूची रांग लावली, नदीकाठी बाक ठेवला, आणि रोज संध्याकाळी त्या बाकावर ती आपल्या बाहुलीला बसवून ठेवायची.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा लुळा राहिला. आणि खेळाची सगळी मुख्य बटणं उजवीकडे.

“माझं गाव बघूचा हा रे,” ती म्हणाली. आजारपणापासून तिच्या बोलण्यात मालवणी जास्त येते. “किती महिने झाले. गवत माजलं असेल.”

मी छाती फुगवली. कंपनीने डाव्या हाताची सोय केली नाही तर मी करीन. उजव्या बटणाचं काम डाव्या खांद्याच्या बटणावर, म्हणजे कन्सोलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर आणायचं, बस. कन्सोल पिशवीत घालून मी दादरला घरी आलो.

या धंद्यातला पहिला नियम म्हणजे हात लावण्याआधी यंत्राच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. हाच तो बॅकअप. नवशिक्यांना मी हा नियम ओरडून सांगतो. ताईच्या कन्सोलचा बॅकअप मी लॅपटॉपवर घेतला. माझ्याकडेही त्याच जातीचा कन्सोल होता. बटणांचा बदल आधी त्याच्यावर करून बघावा म्हणून त्याचाही बॅकअप घेतला. दोन्ही फायलींना प्रोग्रामने एकच नाव दिलं. लॅपटॉपने विचारलं, या नावाची फाइल आहे, बदलू का? मी तेव्हा फोनवर ताईला माझा पराक्रम रंगवून सांगत होतो. बोलता बोलता हो म्हणून टाकलं.

मग तिचा कन्सोल सुरू होताना जरा अडखळला. किरकोळ गोष्ट होती, वाट पाहिली असती तर सुटली असती. मी म्हटलं, बॅकअप परत चढवू. प्रोग्रामने इशारा दिला, की हा या यंत्राचा दिसत नाही. तरीही चढवायचा असेल तर बटणं अमुक क्रमाने दाबा. चुकून कोणी पुढे जाऊ नये म्हणून तो क्रम मुद्दाम अवघड ठेवलेला असतो. मला तो पाठ आहे. मी तबल्याच्या तुकड्यासारखा वाजवला.

दोन्ही पडदे काळे. निळा दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा.

काय झालं ते कळल्यावर मी चार दिवस खोटं बोललो. “पार्ट मागवलाय.” “सोल्डरिंग करावं लागेल.” ताई रोज संध्याकाळी फोन करायची आणि दुसरं काहीच विचारायची नाही, फक्त, “गवताचं काय?”

कन्सोल मी जिवंत केला. फ्रिजवरचा लोहचुंबक नेमक्या जागी धरला की यंत्राला वाटतं झाकण मिटलंय, आणि तेवढ्यात खेळाच्या खाचेत घातलेल्या एका खास कार्ट्रिजने आत शिरता येतं. एरवी हा प्रवेश मी सात वेळा सांगितला असता. पण प्रत्येक यंत्राची स्वतःची एक किल्ली असते, आणि ताईचं गाव त्या किल्लीने बंद होऊन कन्सोलमधल्या मेमरी कार्डावर पडलं होतं. किल्ली तिच्या यंत्रात होती आणि तिच्या बॅकअपमध्ये. दोन्हींवर मी माझा बॅकअप चढवला होता.

पाचव्या दिवशी दुपारी लालबागला गेलो.

“झाला?”

“चालू झाला. डाव्या हाताने खेळता येईल. पण ताई...”

“पण काय ते आधी सांग. तुझं पणच नेहमी मोठं असतं.”

सांगितलं. ती डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती, व्यायाम दिलाय तशी.

“पेरूची झाडं?”

“गेली.”

“बाक?”

“सगळंच.”

करंगळीपर्यंत पोचली, मग म्हणाली, “तुझ्याकडे असलाच डबा आहे ना? तुझं गाव दे त्यातलं. मी सांभाळीन.”

“माझं गाव नाही. मी हा खेळ कधी खेळलोच नाही.”

“मग त्या डब्याचं करतोस काय?”

“उघडतो.”

“आणि?”

“मग दुसरा उघडतो.”

“मेल्या,” ती म्हणाली, तेही शांतपणे. “ते कार्ड काढ. माझं गाव आहे ते कार्ड.”

“ते आता वाचता येणार नाही, ताई. काही उपयोग नाही.”

“उपयोग विचारला नाही मी. काढून दे, आणि यात नवीन घाल.”

कार्ड तिने बटव्यात टाकलं. चहा विचारला नाही. संध्याकाळचे फोन बंद झाले आणि माझाही फोन करायचा धीर होईना.

दोन आठवड्यांनी मी न कळवता गेलो. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर उशी, उशीवर कन्सोल. डाव्या तर्जनीने खांद्याचं बटण दाबत होती, चुकत होती, मागे जाऊन पुन्हा दाबत होती. मला आनंद झाला, हे लपवत नाही. वाकून विचारलं, “नाव काय ठेवलंस गावाचं?”

तिने पडदा स्वतःकडे वळवला.

“तू तिथे बस,” कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली. “हात मांडीवर ठेव.”

मी हात मांडीवर ठेवून बसलो. तासभर बटणाचा आवाज ऐकला.