दुखण्याचं वजन

कारध्याला आमचं धान खरेदीचं दुकान आहे आणि माझ्या नवऱ्याचा विश्वास फक्त वजनकाट्यावर आहे. शेतकरी कितीही शपथा घेवोत, हे आपले थंडपणे म्हणणार, "काट्यावर ठेव, मंग बोलू." माझ्या पोटदुखीचंही तसंच. दोन वर्षं मी पोट धरून बसत होते आणि हे विचारायचे, "रोजचं काय वं तुह्यं? डोळ्याले तं काही दिसत नाही." मी ओवा चावला, सोडा प्याले, मग सांगणंच सोडून दिलं. संडासवाटे रक्त पडायला लागलं तेव्हा कुठं भंडाऱ्याच्या दवाखान्याची वाट सापडली.

तिथं नागपूरहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी खालून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं बघायचं ठरवलं. नळीच्या मुठीशी त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. आत सरकवताना डॉक्टरांचा हात किती जोर लावतो ते त्यात मोजलं जायचं. शिकाऊ डॉक्टरांचा हात हलका व्हावा म्हणून हा खटाटोप. "तुमच्या तपासणीत वापरलं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काटाच झाला न, मॅडम!" नवरा खूश झाला.

खरं सांगते, त्यांच्याहून जास्त मी खूश झाले. माझं दुखणं एकदाचं या माणसाला कळेल अशा भाषेत बोलणार होतं.

दम्यामुळे मला गुंगीचं इंजेक्शन दिलं नाही. नळी डाव्या कुशीशी वळली आणि मी जी किंचाळले, ती बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेली. तशाही कळांमध्ये माझा डोळा पडद्यावरच्या जोराच्या रेघेवर होता. चढ गं बाई, चढ, म्हणत होते मी मनात. ती मेली खालीच सरपटत राहिली. शेवटी डॉक्टरांनीच तपासणी अर्ध्यावर थांबवली.

मी लुगडं सावरून बसले होते. नवऱ्यानं आत येताच विचारलं, "किती भरला जोर?"

"अगदी कमी," डॉक्टर म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचा चेहरा मात्र खुलला. "पाह्य, एवढासाच तं जोर होता! आन् तू सारा दवाखाना डोक्यावर घेतला."

डॉक्टर हसल्या नाहीत. "मला त्याचीच काळजी वाटते. एवढ्याशा जोरानं इतकं दुखायला नको. नळी ढकलली की आतडं थोडं सरकायला हवं. यांचं एका जागी चिकटून बसलंय, आणि तिथं गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवते, पण मला ती गाठ चांगली दिसत नाही. बरेच दिवस वाढत असणार."

नवरा उभाच राहिला. माझ्याकडं बघायची त्यांची छाती झाली नाही. जन्मात कधी काट्यावर शंका न घेतलेल्या या माणसानं डॉक्टरांपुढं हात जोडले.

"मॅडम, काट्यात फरक असंन. एक डाव पुन्हा पाहून घ्या न."