वाटेवरचा दगड

माझा मोठा भाऊ, दादा, सोमवारी वारला. आज आत्याच्या चहातल्या आल्याचा वास आला आणि आमच्या उदगीरच्या घरातला एक दिवस आठवला. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेले आकाशाचे फोटो एकमेकांशी ताडून दादाने सरकणारा एक ठिपका शोधला होता. सूर्याभोवती फिरणारा तो दगड एका यानाच्या वाटेजवळ होता. यानाने तिकडून जावं म्हणून दादाने तो यान पाठवणाऱ्यांना कळवला होता, आणि उत्तर येईपर्यंत त्याला घास जात नव्हता. "यान तिथं उतरंल का रे?" आत्याने विचारलं. "न्हाई आत्या, शेजारून फोटो काढत पुढं जाणार." "इतक्या लांबून येऊन थांबणार बी न्हाई?" दारावरून चहा न घेता गेला म्हणून नायगावच्या सख्ख्या दिराशी तिने बोलणं टाकलं होतं. संध्याकाळी उत्तर आलं, वाट वळवण्याइतकं इंधन नाही. दादाच्या आधी आत्याच भडकली, "वाटेवर घर हाय अन् ह्यांना वळायला जमंना! पुन्हा एक ठिपका दाखवू नको त्यांना." दादा हसत सुटला आणि पोटभर जेवला. आता यान पुढे गेलं आहे, दगड फिरतो आहे, आणि आत्या अजूनही चहाला दादाच्या वाटचं एक कप पाणी जास्त टाकते.