नडगीवर ठेवलेलं बोट

आज व्यायामाच्या वर्गात नडगीचं हाड शिकवताना पुढच्या बाकावरून बामचा वास आला, आणि मला भाटघर धरणाचा रस्ता दिसू लागला.

वीस वर्षांपूर्वी तिथं मी मुलींकडून पोलीस भरतीसाठी पळण्याचा सराव करून घ्यायचो. वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची सुमन सगळ्यांच्या पुढं असायची. वयामुळं तिची ती शेवटची भरती होती. चाचणीला चार दिवस उरले असताना तिनं नडगीवर बोट ठेवलं. "सर, हितंच लई दुखतंय."

"बाम लाव आणि पळ."

सोबत आलेले तिचे वडील हळूच म्हणाले, "मेंढी असा पाय टाकाया लागली तर आमी तिला खांद्यावर घेतो, सर. चालवत न्हाई."

"तुमची मेंढी भरती देते का?" मी म्हणालो. मुली हसल्या. सुमनही हसली आणि पळाली. धरणाच्या वळणावर तिचं हाड मोडलं. वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं.

हाडावर एकाच जागी दुखलं तर थांबवायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी सांगत आलो. खोटं आहे ते. मी वाचलं होतं. मला माझ्या भरतीच्या वर्गातल्या एकीची तरी निवड हवी होती.

हाड कसं मोडलं असं कुणी विचारलं, तर सुमन म्हणे अजून सांगते, तिचाच पाय खड्ड्यात पडला.